आई कुठे गेली, आणि कोणाजवळ?

तुम्ही ऐरोलीहून लिहिलंत. आईला जाऊन सव्वा महिना झाला. आई माळकरी, संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हटल्याशिवाय पान वाढून घ्यायच्या नाहीत. पत्नी ठाण्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली. आता वडील म्हणतात, पुण्यवान जीव होता, चांगल्या घरी जन्म घेईल. पत्नी म्हणते, आई देवाजवळ आहेत, पुन्हा भेट होईल. तुमच्या ऑफिसातला मुसलमान मित्र भेटायला आला आणि म्हणाला, ज्याची अमानत, म्हणजे ठेव, होती त्याच्याकडे परत गेली. आणि सात वर्षांची मुलगी रोज रात्री विचारते, आजी कुठे आहे? तुमचा प्रश्न असा, की ही सगळी माणसं शेवटी एकच सांगताहेत ना? आणि तसं असेल तर मुलीला नेमकं काय सांगू?

नाही, एकच सांगत नाहीत. हे ऐकून तुम्हाला आधी थोडं एकटं वाटेल, म्हणून पुढचं सावकाश वाचा.

मी पेशाने नर्स. गेली चौदा वर्षं पॅलिएटिव्ह केअरचं काम करते, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायचं. मुंब्र्यापासून पनवेलपर्यंत सगळ्या जातीधर्मांच्या घरांत उशाशी बसले आहे. घरात ज्ञानेश्वरी होती, पुढे या कामामुळे इतरांचे ग्रंथही वाचावे लागले, कारण मरणाच्या दारातला माणूस औषधाबद्दल कमी आणि याबद्दल जास्त विचारतो.

सुरुवात श्वासापासून करते. माणसाला ऊर्ध्व लागतो तेव्हा श्वासाची लय बदलते. भराभर पाच-सहा श्वास, मग एकदम थांबतो. वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट, काही नाही. कळव्याच्या एका चाळीत मी पाहिलं, घरातली सहा माणसं एकाच वेळी खाटेकडे वाकली, कुणीतरी उठून पंखा बंद केला, म्हणजे ऐकू यावं. मग छाती परत वर झाली आणि सगळे मागे टेकले. असं रात्रभर चाललं. पहाटे एक खंड पडला तो भरलाच नाही. देह तोच होता. हात अजून गरम होता. तरीही सगळ्यांना कळलं की काहीतरी निघून गेलं.

जगभरच्या भाषांत आत्म्याचे शब्द अशाच उशापाशी जन्मले असावेत. हिब्रूतला ‘रूआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. अरबीतला ‘रूह’ त्याच घराण्यातला. ग्रीक ‘न्यूमा’ आणि लॅटिन ‘स्पिरिटस’ दोन्ही श्वासाचेच. संस्कृत ‘आत्मन्’चं मूळही बरेच भाषाभ्यासक श्वासातच शोधतात, आणि आपण तर आजही ‘प्राण गेला’ असंच म्हणतो. इथपर्यंत सगळे एकत्र चालतात. पुढचा प्रश्न आला की वाटा फुटतात: हा श्वास कोणाचा होता?

आपल्याकडे पहिलं उत्तर, तो देवाचाच अंश. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत म्हणतात, जीवलोकातला हा जीव माझाच सनातन अंश आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, ते मीठ काढून दे. ते सापडत नाही. मग वरचं पाणी चाखायला लावतो, मधलं, तळाचं. सगळीकडे खारट. तसं हे सत् सगळीकडे आहे, आणि ‘तत् त्वम् असि’, ते तूच आहेस. शंकराचार्य यावरून म्हणाले, मग जीव आणि देव असे दोन उरतच नाहीत. रामानुजाचार्य म्हणाले, उरतात, जसं शरीर आणि त्यातला चैतन्यरूप धनी. जीव हे देवाचं शरीर. मध्वाचार्य म्हणाले, भेद खरा आहे आणि कायम राहील. म्हणजे ‘हिंदू धर्म असं मानतो’ हे वाक्यसुद्धा एका दमात पुरं होत नाही.

पण तुमच्या आई वेदान्ताच्या वर्गाला जात नव्हत्या, हरिपाठ म्हणत होत्या. म्हणून तिकडे येते. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी। तेणें मुक्ति चारी साधियेल्या॥’ हे म्हणताना ‘मुक्ति चारी’वर आपण क्वचितच थांबतो. त्या चार अशा: सलोकता, म्हणजे देवाच्या गावात राहायला मिळणं, समीपता, त्याच्या जवळ असणं, सरूपता, त्याच्यासारखं होणं, आणि सायुज्यता, त्याच्यात मिसळून जाणं. देवाशी माणसाचं नातं किती जवळचं असू शकतं याची ही मोजपट्टी मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या धर्माचं माणूस आपल्या माणसाबद्दल काही बोललं की मी मनात हीच पट्टी लावून बघते. तुमची पत्नी म्हणते ‘देवाजवळ’, ती समीपतेची भाषा. अर्थात पट्टी आपली, कापड त्यांचं. काही ठिकाणी ती लागूच होत नाही, ते पुढे सांगते.

आणि गंमत बघा, चारही मुक्ती दारात उभ्या असताना तुकोबा त्या नको म्हणतात! ‘हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा’ असं मागतात आणि शेवटी म्हणतात, गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी. परत जन्माला घाल, चालेल, पण विसरू देऊ नकोस. साखर होण्यापेक्षा साखर खायला मिळावी, ही ती ओढ. मिसळून गेलं तर हाक कोण मारणार आणि ‘ओ’ कोण देणार? वारकऱ्याचा आत्मा हा असा माहेरवाशिणीचा जीव आहे. ‘कन्या सासुऱ्यासी जाये, मागें परतोनी पाहे। तैसें जालें माझ्या जीवा, केव्हां भेटसी केशवा॥’ रबाळ्याच्या एका आजींना शेवटच्या आठवड्यात शुद्ध येत-जात होती. डोळे उघडले की दाराकडे बघायच्या. सुनेला वाटायचं, लेकीची वाट बघताहेत. लेक तर पायाशी बसलेली. एकदा त्या स्वतःच म्हणाल्या, ‘न्यायला कोण आलंय का बघ गं.’ माहेरी न्यायला मुराळी येतो तसं. त्या घरात त्या दिवशी आत्मा म्हणजे काय हे समजावायला कुणाची गरज नव्हती.

आता तुमच्या पत्नीकडे येऊ. इथे मराठीतच एक खाच आहे आणि तिच्यामुळे मी नवरा-बायकोंचे रुसवे झालेले पाहिलेत. मराठी बायबलमध्ये ‘आत्मा’ आणि ‘जीव’ हे दोन वेगळे शब्द येतात, आणि ‘पवित्र आत्मा’ म्हणजे तर खुद्द देव. आपण ‘आत्मा’ ऐकतो ते वेदान्ताच्या कानाने: न जन्मणारा, न मरणारा, आतला देव. ख्रिस्ती माणूस म्हणतो तो आत्मा देवाने निर्माण केलेला आहे, देवाचा तुकडा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. फुंकणारा वेगळा, माती वेगळी. मग जवळीक कुठून येते? ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना लिहितो की तुम्हाला दत्तक घेतलंय, म्हणून तुम्ही ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारू शकता. मला हे वाचलं त्या दिवशी फार काही उलगडलं. आपल्याकडे जीव देवाचं अंगचं लेकरू. तिकडे दत्तक लेकरू. आणि दत्तक घेतलेल्या मुलाला विचारा, त्याला कमी वाटतं का. उलट ते म्हणतं, मला तर निवडून आणलंय.

शिवाय त्यांच्या श्रद्धेत देह टाकून दिलेलं वस्त्र नाही. गीतेत जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यायची आहेत. ख्रिस्ती पंथात शेवटी देहाचंही पुनरुत्थान आहे. म्हणून तुमची पत्नी ‘पुन्हा भेट होईल’ म्हणते तेव्हा तिच्या मनात चेहरा असलेली, आवाज असलेली सासू आहे. वडील ‘दुसरा जन्म’ म्हणतात तेव्हा तिला वाटतं, मग मी ओळखणार कशी? हा तिचा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका. मात्र हे दोन प्रवाह एकमेकांना अनोळखी आहेत असंही समजू नका. फादर स्टीफन्स या जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातल्या इंग्रज धर्मगुरूने १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं ते सांगत. पूल म्हटलं की दोन काठ वेगळे राहतातच.

तुमच्या मित्राचा ‘अमानत’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त आवडला. इस्लाममध्ये माणूस देवाचा अंश नाही आणि लेकरूही नाही. अल्लाहला कुणी जन्म दिला नाही आणि तो कुणाला जन्म देत नाही, हे त्यांच्या श्रद्धेचं मर्म. माणूस बंदा, म्हणजे सेवक. आदमच्या देहात अल्लाहने आपल्याकडची रूह फुंकली असं कुराण सांगतं, पण रूह म्हणजे काय असं लोक विचारतात तेव्हा सतराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, उत्तर येतं की ती माझ्या रबच्या, म्हणजे पालनकर्त्याच्या, हुकुमातली गोष्ट आहे, आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलंय. किती स्वच्छ उत्तर! आणि तरी तोच ग्रंथ म्हणतो, आम्ही माणसाला त्याच्या गळ्याच्या शिरेपेक्षाही जवळ आहोत. इथे आपली चार मुक्तींची पट्टी अडते. इतकं जवळ, आणि तरी मिसळणं नाही. सूफींनी ‘फना’ म्हणजे स्वतःचं विरून जाणं सांगितलं, पण मन्सूर हल्लाज या सूफीच्या तोंडून ‘अनल हक’, मीच सत्य, निघालं ते त्याच्यावरच्या आरोपांत ठळक राहिलं आणि ९२२ मध्ये बगदादला त्याला देहदंड झाला. तेव्हा ‘सूफी आणि अद्वैत एकच’ असं पटकन बोलू नये. आपल्याच मराठीत श्रीगोंद्याचे शेख महंमद होऊन गेले, मुसलमान घरात जन्मून संतकवी झाले. ते वाचले की दोन्हीकडची ओढ आणि दोन्हीकडचा ताण कळतो.

कौसा भागात एका वृद्ध बाईंच्या शेवटच्या दिवशी मुलगा उशाशी कुराणातली सूरह यासीन वाचत होता. मध्ये थांबून चमच्याने मक्केच्या झमझम विहिरीच्या पाण्याचे दोन थेंब ओठांवर सोडी आणि कानाशी कलमा, म्हणजे श्रद्धेचं वचन, म्हणे, हळू, आग्रह न करता. दमलेल्या माणसाला ओढायचं नसतं, असं त्याने मला समजावलं. आईचे ओठ हलले की नाही ते मला दिसलं नाही. त्याला दिसले. गेल्यावर तो म्हणाला, ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’, आपण अल्लाहचे आणि त्याच्याचकडे परतणार. म्हणजे ठेव परत केली. ठेव परत करणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख असतं, पण लुटलं गेल्याचा भाव नसतो. तो फरक मी त्या खोलीत पाहिला.

ठेवीची हीच भाषा ठाण्यातच आणखी एका घरात सापडते. मासुंदा तलावाच्या आसपास कौपिनेश्वराचं देऊळ आहे, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, टेंभी नाक्याकडे अग्यारी आहे, आणि शहरात बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू समाजाचं, १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. त्याचं नाव ‘शआर हाशामाइम’, स्वर्गाचं दार. देवाचिये द्वारी उभं राहणं काय असतं हे त्या मंडळींनाही ठाऊक आहे. सकाळी डोळे उघडल्यावर ज्यू माणूस जी प्रार्थना म्हणतो तिचा भाव असा: देवा, तू माझ्यात ठेवलेला आत्मा शुद्ध आहे, तूच तो घडवलास, फुंकलास, तूच एक दिवस घेशील. रोज सकाळी ठेवीची पावती म्हणा. शुद्ध आहे, हे ‘मी चांगला वागलो तर’ अशा अटीवर नाही. शरमेने पोळलेल्या रुग्णांना, विशेषतः दारूने लिव्हर गेलेल्या पुरुषांना, मी हे सांगते. एक जण भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ रडला होता.

पारशी घरात चौथ्या दिवशी पहाटे आत्मा परलोकाकडे नेणाऱ्या चिन्वत पुलाशी पोचतो असं मानतात. शीख पंथ म्हणतो, मना, तू ज्योतीचं रूप आहेस, आपलं मूळ ओळख. आणि त्याच गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. जैनांचा जीव स्वतःच अनंत ज्ञानाचा धनी. त्याच्यावर निर्माता देव नाही. कर्माची पुटं गेली की तोच सिद्ध, म्हणजे मुक्त.

आता माझी एक चूक सांगते, कारण ‘सगळं एकच’ या समजुतीची किंमत मी तिथे मोजली. घणसोलीला एका बौद्ध कुटुंबातले वडील गेले. मी त्यांच्याकडे दोन महिने जात होते. दारात मुलाचा हात हातात घेऊन सवयीने म्हणाले, ‘देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.’ मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सिस्टर, आम्ही आत्मा मानत नाही. बाबांनीही मानला नाही. तुम्ही इतके दिवस आलात, म्हणून सांगतो.’ मला जमिनीत गेल्यासारखं झालं. त्या वडिलांच्या आई-वडिलांनी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव सोडले होते. बाबासाहेबांनी त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवता आणि श्राद्ध-पिंडदान नाकारलेलं आहे. बुद्धाने तर कायम टिकणारा आत्माच नाकारला. एका ज्योतीने दुसरी ज्योत लागते, पण काही उचलून तिकडे नेलं जात नाही, हा तिकडचा जुना दृष्टान्त. त्या घरात त्रिशरण-पंचशील झालं, सगळे संस्कार अनित्य आहेत हे पाली वचन म्हटलं गेलं, आणि त्या माणसाने तीस वर्षं रात्रशाळेत शिकवलेल्या मुलांनी एकेक आठवण सांगितली. मी मागे बसून ऐकलं. तिथे देव नव्हता, आत्मा नव्हता, आणि उणीव काहीच नव्हती. तेव्हापासून मी आधी विचारते, तुमच्याकडे काय म्हणतात? मग तेच म्हणते, किंवा नुसती बसते.

म्हणून ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे मी म्हणत नाही. ते चांगल्या मनाने म्हटलं जातं हे मला माहीत आहे. पण ते म्हटलं की समोरच्याचं ऐकायची गरज उरत नाही. अंश, दत्तक लेकरू, ठेव, माहेरवाशीण, आणि ज्योतीवरून लागलेली ज्योत, ही पाच वेगळी नाती आहेत. दुःखात माणूस मोघम गोष्टीला धरू शकत नाही, त्याला नातं लागतं. तुमच्या घरात आज तीन नाती एकत्र नांदताहेत. एकाला खरं करायला दुसऱ्याला खोटं ठरवायची घाई करू नका. तसाच तिघांचा काला करायचीही घाई नको.

आता मुलगी. तिला ‘आजी झोपली’ सांगू नका, मुलं मग झोपायला घाबरतात. ‘देवाला आवडली म्हणून नेली’ हेही नको. कोपरखैरण्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलाने हे ऐकल्यावर देवासमोर उभं राहणंच सोडलं. खूप दिवसांनी आईला म्हणाला, ‘मी त्याला आवडलो तर?’ आधी देहाचं खरं सांगा: आजीचं शरीर थांबलं, आता तिला दुखत नाही, ते परत सुरू होणार नाही. मग नावं घेऊन सांगा: आजोबांना असं वाटतं, मम्माला असं वाटतं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते ठाऊक नसेल तर ‘बाबा अजून विचार करतोय’ म्हणा. सात वर्षांच्या मुलांना हे व्यवस्थित पेलतं. ती तिघांकडे जाऊन पुन्हा पुन्हा तेच विचारेल. विचारू दे, दर वेळी तेच उत्तर द्या.

शेवटी तुम्ही संकोचून विचारलंय, की पत्नीला आईसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, करायची आहे, वडिलांना काय वाटेल आणि चर्चमध्ये चालेल का. कॅथलिक चर्चमध्ये जिवंत किंवा मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करता येते. तुमच्या भागातल्या चर्चच्या फादरांशी एकदा बोलून घ्या. वडिलांना मात्र आधी सांगा, आणि ‘मिस्सा आहे, याल का’ एवढंच विचारू नका. मिस्सा म्हणजे काय ते पत्नीला त्यांना समजावू द्या. बहुधा ते येतील. नाही आले तरी घरी त्या वेळी दिवा लावतील.

आणि एक काम. आईंच्या हरिपाठाची पोथी शोधा. रोजच्या हाताळणीने त्यात एखादं पान बाकीच्यांपेक्षा काळवंडलेलं असेल, कोपरा अंगठ्याने मऊ झालेला असेल, कदाचित मध्ये बुक्क्याची पुडी किंवा बसचं तिकीट असेल. त्या पानाला हात लावू नका. मुलीला बोलवा, आजोबांना बोलवा, आणि ते पान तिला उघडू द्या.